दहाव्याला आलेला ड्रोन

माझा मधला भाऊ पटात गेला, तेव्हा पहिला फोन आला तो बैलांच्या मालकाचा. म्हणला, "अक्का, घाबरू नका, जोडी सुखरूप आहे." मी बजाजनगरात डब्यांची खानावळ चालवते. हात पिठात होते, फोन खांद्यानं कानाला दाबून धरलेला. बैलांचं मला कशाला सांगतोय हा माणूस, असं मनात आलं. मग तो हुंदका देऊन म्हणला, "भाऊ गेला आपला." आधी बैल, मग भाऊ. त्या सगळ्या कारभाराची लायकी मला तिथंच कळली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत. हलका छकडा, दोन बैल, सरळ पट्टी आणि सेकंद मोजायचं घड्याळ. छकड्यावर बसून जोडी हाकतो त्याला धुरकरी म्हणतात. माझा मधला धुरकरी होता आणि चांगला होता, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. आमचा बाप मेंढरांमागं हिंडला, त्यामुळं जनावराचं मन घरात सगळ्यांनाच थोडंफार कळायचं. त्याला जास्त कळायचं. बिडकीनपासून पैठणपर्यंतची पोरं त्याच्यासारखे केस कापायची, त्याच्यासारखी कानात बाळी घालायची. त्यालाही ते लई आवडायचं. गॉगल लावल्याशिवाय दळण आणायला जायचा नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण मिरवायची हौस होती ती होती.

तो गेला तोही ह्याच पोरांपायी. शेवटच्या झेंडीपाशी व्हिडिओ काढायला दहा-पंधरा जण पट्टीत घुसले होते. ते बैलांखाली येऊ नयेत म्हणून त्यानं कासरा एका अंगाला ओढला, छकडा कलंडला आणि तो चाकाखाली गेला. जे त्याच्यामुळं वाचले तेच दुसऱ्या दिवशी आमच्या दारात छाती बडवत उभे. त्यातल्या एकाच्या मोबाईलमध्ये ते सगळं आलं होतं. त्यानं ते हळू करून, मागं बासरी लावून स्टेटसला ठेवलं. मी म्हणलं, काढ ते. तर म्हणतो, "अक्का, लोक रडायलेत बघून." मी म्हणलं, "तू बाजूला सरला असतास तर कुणाला रडायची गरजच नव्हती." त्यानं स्टेटस काही काढलं नाही.

चौकात फ्लेक्स लागला. मधोमध बैलांची जोडी, शिंगांना रंग, अंगावर झूल. माझा भाऊ वरच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. खाली ‘शोकाकुल’ लिहून चाळीसेक थोबाडं, त्यातली निम्मी गॉगल लावून शोकाकुल. एक जण तर मोबाईलवर बोलताना शोकाकुल. मालकाचं तोंड सगळ्यांत मोठं. बिडकीनकडची जमीन कारखान्यांसाठी जाऊन पैसा आल्यापासून ह्या माणसाला कुठल्या तरी फ्लेक्सवर असल्याशिवाय झोप येत नसावी. फ्लेक्सवर लिहिलं होतं, ‘पटाचा वाघ हरपला’. माझी भावजय तो वाचून मला म्हणली, "अक्का, बैलांची नावं टाकली, ह्यांचं आडनाव चुकवलंय."

पाचव्या दिवशी बैल भेटायला आणले. व्हय, बैलांना भेटायला आणलं, टेम्पोत घालून, शिंगांना काळ्या फिती बांधून. मालक म्हणला, "दोन दिवस चाऱ्याला तोंड लावलं नाय जोडीनं." तो बोलत असतानाच एका बैलानं भावजयीच्या परसातली सगळी मेथी साफ केली. पोरं बैलाच्या गळ्यात पडून रडली आणि तिघांनी पाळीपाळीनं त्याचे फोटो काढले. भावजय आत भिंतीला टेकून बसलेली होती. तिच्याजवळ जाऊन बसावं, असं त्यातल्या एकालाही वाटलं नाही. जाताना एकानं मात्र दारातून विचारलं, भाऊचा कासरा आठवण म्हणून मिळेल का.

हे सगळं मी गिळलं असतं, धाकट्याचं नाव मधी आलं नसतं तर. धाकटा भाऊ माझ्याकडं राहतो, वाळूजला कंपनीत कामाला जातो. चोवीस वर्षांचा आहे. आई-बाप गेल्यावर ह्या दोघांना मीच मोठं केलं. एकाला पटानं नेलं. दुसरा छकड्यावर बसू नये, एवढंच मला त्या दिवसांत पाहिजे होतं. बाकी कुणी काय फ्लेक्स लावायचे ते लावोत.

दहावा पैठणला गोदेच्या काठी केला. सकाळची वेळ. घरची दहा माणसं पुरे म्हणलं होतं, तर पोरं जीपा भरभरून आलेली, अंगात एकसारखे टी-शर्ट, छातीवर मधल्याचा फोटो, पाठीवर मालकाचं नाव. आणि एक ड्रोन. लग्नाचे व्हिडिओ काढणारा माणूस शहरातून आणला होता मालकानं. मी विचारलं, हे काय. मालक म्हणला, "अक्का, आठवण राहिली पाहिजे. भाऊचा दहावा साधासुधा व्हायला नको."

भटजींनी पिंड मांडले. भात, वडा, मधल्याच्या आवडीचं काळं मटण चालत नाही म्हणून काळ्या मसाल्याची वांगी. सगळे मागं सरले. समोर झाडावर कावळे लाइनीत बसलेले. एकही खाली येईना. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. कावळा शिवला नाही की गेलेल्याचं काही तरी राहिलंय, असं आपल्यात धरतात, आणि मग माणसं शब्द देतात. बायकोला सांभाळू, पोरांना शिकवू, असलं काही. भावजय हात जोडून म्हणली, "पोरीचं मी बघते, तुम्ही काळजी करू नका." कावळे हलले नाहीत.

मग पोरांना चेव आला. एक पुढं होऊन ओरडला, "भाऊ, तुमच्या नावानं पट भरवू." दुसरा, "भाऊ, चौकाला तुमचं नाव देऊ." तिसरा म्हणला, मी पाठभर तुमचा टॅटू काढीन. चौथ्यानं तंबाखू सोडायचा शब्द दिला, तोही गालात तंबाखू धरून. प्रत्येक जण शब्द देताना शेजाऱ्याच्या हातात मोबाईल देत होता, शूटिंग कर म्हणून. आणि डोक्यावर तो ड्रोन गुणगुण करत फिरतोय. ह्या दीडशहाण्यांपैकी एकाच्याही ध्यानात येईना की कावळा त्या ड्रोनला भ्यालाय. मी ड्रोनवाल्याला दोनदा खुणावलं. तो मला बघून हसला आणि ड्रोन आणखी जवळ आणला. त्याला वाटलं, मला फोटोत यायचंय.

भटजी म्हणले, दर्भाचा कावळा करून शिवू, दुसरा दहावा खोळंबलाय. तेवढ्यात ड्रोनची बॅटरी संपत आली. त्यानं तो खाली उतरवला. गुणगुण थांबली. आणि नेमका त्याच घटकेला मालक हात वर करून म्हणला, "तुझी जागा तुझा भाऊच घेईल. येत्या पटाला माझी जोडी तोच हाकणार." कावळा आला. एक नाही, चार आले. वांग्याची फोड घेऊन उडाले.

जो गलका झाला तो विचारू नका. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली, भाऊच्या नावाच्या घोषणा झाल्या. धाकटा रडत रडत मालकाच्या पाया पडला. मी ओरडून सांगत होते, ड्रोन उतरला म्हणून आला कावळा, डोळे आहेत का नाय तुम्हाला. एक पोरगं मला समजावून सांगायला लागलं, "अक्का, श्रद्धा ठेवा." म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं माणूस ह्यांनी कावळ्याला परस्पर कबूल करायचं आणि श्रद्धा मी ठेवायची.

आठ दिवसांत धाकट्याचं कंपनीत लक्ष लागेना. शिफ्ट सोडून बिडकीनला जायला लागला, छकड्यावर हात बसवायला. तळहाताला घट्टे पडले. मी ते पाहून पोळी करपवली. सगळं सांगून झालं. भावजयीनं सांगितलं. उपयोग शून्य. त्याचं एकच, "दादाची इच्छा होती अक्का, कावळा शिवला."

मग त्यांचा तो दहाव्याचा व्हिडिओ आला आणि मला वाटलं, आता सुटले. व्हिडिओत मालक शब्द देतो आणि पुढच्याच क्षणाला कावळा झेपावतो. पण ड्रोन तर तेव्हा खाली होता आणि मोबाईल सगळे मालकाच्या तोंडावर धरलेले, कावळा कशात आलाच नव्हता. ह्यांनी कुठला तरी परका कावळा इंटरनेटवरून आणून चिकटवला. घाटावरच्या कावळ्यांची मान राखाडी होती, हा चोचीपासून शेपटापर्यंत काळाभोर. मी धाकट्याला मान दाखवली. म्हणलं, "बघ, दहाव्याला कावळासुद्धा भाड्याचा आणला ह्यांनी." त्यानं पाहिलं. म्हणला, "व्हिडिओतला कुठला का असंना. तिथं शिवला तो मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय."

पट दोन दिवसांवर आला. सकाळी तो टी-शर्ट घालून निघायच्या तयारीत, मी डब्यांच्या पोळ्यांची कणीक मळतेय. खरं बोलून काही होत नाही, हे मला कळून चुकलं होतं. म्हणून मी खोटं बोलले.

"मालक बोलला त्याच्या आधी मी मनात बोलले होते," मी म्हणलं. "तुझ्या दादाला म्हणलं, धाकट्याला मी छकड्यावर बसू देणार नाय, तू निवांत जा. तेव्हा आला कावळा. मालकानं तोंड उघडलं तेव्हा तो फांदीवरून निघाला होता."

तो थांबला. "मग आतापर्यंत बोलली का नाहीस?"

"मनातलं चारचौघांत सांगायचं नसतं. मी काय स्टेटस ठेवणारी आहे?"

"अन्नावर हात ठेवून सांग."

मी कणकेवर हात ठेवला. अन्नावर मी पोट भरते, दोनशे माणसांचं भरते, तरी ठेवला. त्याचा फोन वाजला, मालकाचा होता. त्यानं उचलला नाही. म्हणला, "दुसऱ्या शिफ्टला जातो. डबा भर."

पोरांनी त्याला गद्दार ठरवलं. ग्रुपवर नाही नाही ते लिहिलं. दोन दिवसांनी पट झाला, त्यात मालकानं कुठला तरी दुसरा धुरकरी उभा केला, आणि महिन्याच्या आत चौकात ‘पटाचा नवा वाघ’ लागला. चाळीस थोबाडं तीच. मालकही तोच, वर बघून हसणारा. शोकातून बाहेर यायला त्यांना फक्त फोटो बदलावा लागला.

धाकट्यानं मला पुन्हा विचारलं नाही, आणि खरं काय ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी घाटावर मी धाकट्याचा विचारसुद्धा करत नव्हते. ऊन चढलं होतं, भावजय उपाशी, कुठल्याही घडीला चक्कर येऊन पडली असती, आणि मला राग आला होता तो मधल्याचा. लहानपणी मेंढरांमागं जायचा आणि जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसायचा, ताट निवून जायचं, तरी ह्याचा पत्ता नसायचा. ड्रोन उतरला, शांत झालं, तेव्हा मी मनात त्याच्यावर नेहमीसारखी डाफरले. म्हणलं, मेल्या, किती वाट बघायची, ये की जेवायला. जन्मभर मी त्याला हेच म्हणत आले होते. मी काय म्हणून गेले ते मला कळलं, तोवर कावळा जेवायला बसला होता.