उकंडामामांची दोनशे पावलं

आर्णीत गाड्यांना सीट कव्हर बसवणारा आमचा प्रफुल्ल अंगाने दुकानात असतो, मनाने कुठल्याशा परदेशी शहरातल्या शर्यतीत. रस्त्यावर गाड्या पळवण्याचे मारधाडीचे सिनेमे तो हिंदीतून पाहतो, एकेक दहा-दहा वेळा. पाच गिअरच्या गाडीत हीरो अठरा वेळा गिअर टाकतो, हे त्यानेच मोजलं. शंका म्हणून नव्हे, भक्तीने. त्याच्या स्वतःच्या पंधरा वर्षं जुन्या गाडीला निळे पट्टे आहेत आणि मागे कूलरच्या पत्र्याचा पंख. डावं दार तारेने बांधलेलं आहे, पण तिकडे पाहायचं नसतं.

उकंडामामांच्या जयाची पाठवणी याच गाडीतून ठरली. सकाळी बुद्धवंदना होऊन लग्न लागलं, जेवणं उरकली. आमच्या गल्लीचा रिवाज असा, की नवरीची गाडी सुरू करायची नाही. घरच्यांनी ती ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायची. खिडकी उघडी, खिडकीशी बाप. असतील दोनशे पावलं. बापाला जे सांगायचं ते तेवढ्यात. ड्रायव्हरने स्टिअरिंग धरायचं आणि कान बंद ठेवायचे.

उकंडामामा मुलखाचे अबोल. चोवीस वर्षांत लेकीशी सलग चार वाक्यं बोलले नसतील. त्यांनी खिडकीवर हात ठेवला, घसा साफ केला. "जया, तिथलं..." एवढं म्हणाले.

समोर दोन्ही बाजूंना गर्दी, हातात मोबाइल, मध्ये रिकामा रस्ता. हे दृश्य प्रफुल्लने सिनेमात शंभरदा पाहिलं होतं. त्याने किल्ली फिरवली आणि क्लच सोडला.

मागून ढकलणारा जयाचा भाऊ अतुल धुळीत उताणा की पालथा, हे धुरात कळलं नाही. मामांचा हात हवेतच राहिला.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर प्रफुल्लने ऐटीत आरशात पाहिलं. नवरदेव दोन्ही हातांनी सीटला धरून होता. जया मागे वळून बघत होती.

"दादा, बाबा काही सांगून राह्यले होते," ती म्हणाली.

प्रफुल्लने गाडी बाजूला घेतली. नवरीची गाडी मागे वळवत नाहीत, म्हणून तो पायी परत निघाला, काळा चष्मा आणि बोटं कापलेले हातमोजे घालून, सगळ्या गल्लीदेखत. चष्मा त्याने वाटेत खिशात टाकला. हातमोजे काही केल्या निघेनात.

"आला पाहा हीरो," अतुल गुडघे झटकत म्हणाला.

"मामा, चुकलो मी. गाडी पुढं उभी हाय. चाला ना."

"काहून पळवली रे?"

खरं कारण सिनेमातलं होतं, ते त्या माणसाला कसं सांगणार? तो पुन्हा हातमोजे ओढू लागला. मामा चालू लागले.

गाडी उभी होती तिथून पुढे घरच्यांनी ती पुन्हा ढकलली. मामा खिडकीशी चालता चालता म्हणाले, "तिथलं पानी जड हाय म्हंतेत. उकळून पेत जाय." बस, एवढंच. प्रफुल्लला वाटलं, आपल्याला हे ऐकायचाही हक्क नाही.

जयाच्या सासरी, केळापूरपर्यंत काटा चाळिसावर गेला नाही. कापसाच्या ट्रॅक्टरनेही हॉर्न देऊन त्याला मागे टाकलं. दारात सासूबाईंनी विचारलं, एवढा उशीर कसा?

"गाडी नवीन हाय ना," जया म्हणाली, "हळूच चालवा लागते."

सासूबाईंनी गाडीच्या दाराच्या तारेकडे पाहिलं. प्रफुल्लने मान जी खाली घातली, ती चहा आला तरी वर केली नाही.