अळूवडी खाजते का?

रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडमागे सावित्रीबाईंचं तयार पदार्थांचं दुकान होतं. संकष्टीला नैवेद्याच्या मोदकांना आणि अळूवड्यांना इतकं गिऱ्हाईक असे, की पहाटे खोचलेला पदर संध्याकाळपर्यंत सुटत नसे. त्यांचा स्वतःचाही उपवास असे. २००१च्या जूनमधला उपवास त्यांनी लेकीच्या, ईशाच्या नावाने धरला होता. तिचा बारावीचा निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता.

नेमकी त्या दिवशी नेहमीची अळूची पानं आली नाहीत. दुसरीकडून आणलेल्या पानांच्या वड्या तळून झाल्या, पण त्या घशाला खाजतात का, हे खाल्ल्याशिवाय कळणार कसं?

"मंजुळे, एक खाऊन बघ गो."

"माझ्या तोंडात कायम तंबाखू," मदतीला येणारी मंजुळा हसली. "मला मिरचीपण लागत नाय, खाज कुठली कळायला! द्या पाठवून. देवाला नाय खाजत."

"देवानंतर पोरं खातात, बाय."

सावित्रीबाईंनी एक वडी बाजूला काढली, मनातल्या मनात गणपतीची माफी मागितली आणि ती खाल्ली. घशाकडे लक्ष लावून त्या उभ्या राहिल्या. काहीच झालं नाही.

"बांध," त्या म्हणाल्या आणि पहाटेपासून पहिल्यांदाच स्टुलावर टेकल्या. "अजून दोन मला दे. मोडला तो मोडलाच. ईशाला मात्र बोलू नकोस हां, पोर धास्तावेल. रात्रभर धास्तवायला मी आहे."