गेरूचं गवत

माझा घरवाला पावसात तापानं गेला. थंडी पडली तवा मी वाणगावच्या बाजूला गवत कापायला जायाची. बाळाला झाडाखाली झोळीत टाकायची न कापायची. एक दिस परत आली, तर बाळाच्या कानाला लाल मुंग्या लागलेल्या. कानातून रगत येत होतं. तवा मनात धरलं, मोठ्या पोरीला शाळेतून आणायची. ती बाळाला बघेल.

ती सिस्टरांच्या वसतिगृहात रावायची, चौथीला. बाळाला घेऊन मी गेली तवा नाताळ आला होता. अंगणात पोरी कुंड्यांना गेरू लावत होत्या. आत देवाच्या बाळाचा गोठा मांडला होता.

सिस्टर बोलली, "बाई, हिला नेऊ नका. हुशार आहे."

मी बोलली, "मंग माझ्या बाळाला कोन बघेल? तुमी येता गवतावर?"

"मंग आजची रात इथंच राहा, सकाळी न्या," सिस्टर बोलली.

पोरगी मला गोठ्यापाशी घेऊन गेली. तिला सिस्टरनं गोष्ट सांगितलेली. एक गरीब पोर होती. देवाच्या बाळाला द्यायला तिच्याकडं काय नव्हतं. तिनं रानातलं गवत नेऊन ठेवलं, न भर थंडीत त्याची लालभडक फुलं झाली.

"आये, मी पन गवत ठेवते. उद्या लाल झालं तर मला हितंच रावू देशील?"

"देईन," मी बोलली. जल्म गेला गवत कापन्यात, कदी लाल झालेलं बघितलं नाय. म्हनून बोलली.

सकाळी उठून बघते तर गवत लाल! मी खाली बसली, हात जोडलं. मंग गोठ्याच्या फळीवर लाल थेंब दिसलं. गवताला हात लावला, तर बोटाला गेरू आला.

पोरगी दारामागं उभी. मी तिचं हात उलटं करून बघितलं. नखांत गेरू.

"चल, पेटी घे," मी बोलली.

रडली नाय ती. वाटेत ओहळावर तिनं हात धुतलं. वर न बघता बोलली, "आये, तू हात जोडलंस. मी बघितलं."

"जोडलं."

"मंग तुला खरं वाटलं ना?"

"वाटलं. चल, ऊन चढतं."

तितून शाळा अर्ध्या कोसावर होती. परत फिरता आलं असतं. नाय फिरली मी.

तिनं बाळाला संबाळलं. परत एक मुंगी लागू नाय दिली. तो धावीपरयंत शिकला, आता बोईसरला कंपनीत जातो. तिचं लगीन झालं, ती आजून गवतावर जाते. वाचायचं इसरली, रेशनचा कागद आला का भावाकडं नेते. तो वाचतो. ती उभी रावून ऐकते. मंग कागद घडी करून कमरेला खोचते न जाते.