भात्यातून हवा जाते

आज सकाळी पुन्हा बाबांच्या मोबाईलवर फोन आला. "पेटीवाले काका आहेत का? आमच्या पेटीच्या भात्यातून हवा जातेय हो."

वेबसाइट शोधात वर यावी म्हणून नेमके शब्द निवडणं हे माझं पोटापाण्याचं काम. बाबांच्या दुकानाचं पान मीच केलं होतं. तेव्हा ते म्हणाले, "हार्मोनियम दुरुस्ती असं लिही. भारदस्त वाटतं."

"बाबा, माणसं वस्तूचं नाव नाही शोधत, आपलं दुखणं शोधतात. तुमची गिऱ्हाइकं दारात येऊन काय म्हणतात?"

त्यांनी डोळे मिटले. "भात्यातून हवा जाते. पट्टी चिकटते. खालचा सा रडतो." तेच शब्द मी पानभर पेरले.

बाबांना जाऊन एक पावसाळा उलटला. पान काढून टाकायला अजून मन धजत नाही. फोनवरच्या माणसाला म्हटलं, "काका आता नाहीत." "अरेरे," म्हणत त्यानं फोन ठेवला.

मग मीच वेड्यासारखे ते शब्द टाइप केले. माझं दुखणं तरी आणखी कुठल्या शब्दांत शोधायचं?

सगळ्यात वर बाबांचंच दुकान आलं. नावाखाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आत्ता उघडं आहे.'