ट्रायल घेतल्याशिवाय नाही

सकाळचे नऊ-सव्वानऊ झाले असतील. वाडीतल्या गोदामात मी योगिताची तालीम घेत होतो. तालीम म्हणजे चाकाच्या खुर्चीतून विमानाच्या सीटवर सरकायची. दुसऱ्या दिवशी तिचं हैदराबादचं विमान होतं, तिथे नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि ती एकटी जाणार होती. अपघातात कमरेखालचं बळ गेलेली सव्वीस वर्षांची मुलगी सोबत कोणी न घेता विमानाने जाणार, हे तिच्या घरच्यांना पचत नव्हतं, विमान कंपनीला पचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं पचलं नव्हतं. पचलं होतं ते फक्त कुसुमताईंना, आणि त्या दहा दिवसांपासून दवाखान्यात होत्या. तेवढ्यात त्यांच्या भाचीचा, प्राचीचा फोन आला. "काका, आत्या गेली..." एवढंच ती बोलली. मी फोन ठेवला तेव्हा योगिता अर्धी सीटवर, अर्धी खुर्चीत अशी थांबली होती. माझ्या तोंडाकडे पाहून तिला कळलं. आधी ती पूर्ण सरकून सीटवर बसली, नीट टेकली, आणि मग रडली.

या गोष्टीला आता दीड महिना होतो आहे. लिहायचं म्हणून रोज बसतो आणि उठतो. मी लिहिणारा माणूस नाही. तीस वर्षं विमानतळावर प्रवाशांना विमानात चढवण्या-उतरवण्याचं काम केलं, शेवटची बारा वर्षं त्या कामाचा सुपरवायझर होतो. नियमाचा माणूस म्हणून माझी ख्याती होती, आणि हाताखालची पोरं माझ्या मागे मला काय म्हणायची तेही मला ठाऊक आहे. कुसुमताईंची आणि माझी ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. पण ती चूक आहे हे मला त्यांनी येऊन सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

त्यांचं हुडकेश्वरला शिलाईचं दुकान होतं. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेले, म्हणून मशीन हाताने फिरवायची. ब्लाउज शिवावा तर कुसुमताईंनी, असं त्या भागातल्या बाया अजूनही सांगतील. शिलाईच्याच कसल्याशा शिबिरासाठी त्या पहिल्यांदा विमानाने दिल्लीला निघाल्या होत्या. आमच्या बोलीत ज्याला अजिबात चालता येत नाही तो प्रवासी म्हणजे 'चार्ली'. त्या दिवशी वॉकीटॉकीवर मला कळलं की एक चार्ली आहे आणि विमान लांब उभं आहे, जिना लावून. सीटच्या रांगांमधून जाणारी अरुंद खुर्ची आमच्याकडे होती, पण तिचा पट्टा तुटलेला, आणि ती स्टोअरमध्ये कुलपात. तेव्हा नेहमीप्रमाणे मी दोन लोडर बोलावले. दोघांनी काखेत हात घातले, मी गुडघ्याखाली धरलं, आणि जिना चढून, सीटच्या रांगांमधून नेऊन बाईंना जागेवर टाकलं. हो, टाकलं हाच शब्द खरा आहे. पदर सावरत त्यांनी फक्त माझं नाव विचारलं. मी समजलो, आता तक्रार येणार. उत्तर काय द्यायचं तेही मनात तयार करून ठेवलं.

तक्रार आली नाही, त्या स्वतः आल्या. महिन्याभराने ऑटोने विमानतळावर येऊन त्यांनी मला बाहेर बोलावलं. ऑटोत बसूनच त्यांनी पिशवीतून एक ब्लाउज काढला आणि माझ्या हातात दिला. दोन्ही काखेत फाटलेला. "हे पाहा भाऊ, माझी शिवण अशी फाटत नाही. कुठून ओढलं ते शिवण बरोबर सांगते. दोघांनी वर ओढलं अन् तुम्ही खाली. मले एकदा तरी विचारलं काय, कसं उचलू म्हणून?" मी विचारलं नव्हतं. तोवरच्या सगळ्या नोकरीत कोणालाच विचारलं नव्हतं. मी नियम सांगायला लागलो तर त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, चार्ली कोण? त्यांना वॉकीटॉकीवरचं सगळं ऐकू गेलं होतं. मी सांगितल्यावर त्या हसल्या, पण मला हसू आलं नाही. माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यांना माफी नको होती. त्यांना माप हवं होतं. सीट जमिनीपासून किती उंच, दोन रांगांमध्ये वाट किती रुंद, पुढच्या सीटपर्यंत गुडघ्याला जागा किती. टेप त्यांनी सोबतच आणली होती. ती मला दिली आणि म्हणाल्या, "मी ट्रायल घेतल्याशिवाय गिऱ्हाईकाले ब्लाउज देत नाही. अन् तुम्ही लोकं आमाले बिनाट्रायलचं विमान देऊन राहिले."

तिथून हे गोदाम उभं राहिलं. त्यांच्या ओळखीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने वाडीतल्या गोदामाचा पुढचा कोपरा रविवारपुरता दिला. भंगारातून बसच्या सीटा आणून मी दिलेल्या मापाने दोन रांगा ठोकल्या. ट्रकवर ताडपत्री आवळायचा जो जाड पट्टा असतो, त्यापासून ताईंनी कमरेचे आणि मांडीखालचे पट्टे शिवले. त्यांना दोन्ही बाजूंनी मुठी होत्या. म्हणजे कोणाला उचलायची वेळ आलीच, तर काखेत हात न घालता मुठी धरायच्या. पण उचलायची वेळच येऊ नये, हा त्यांचा हट्ट. ज्याच्या हातात जोर आहे त्याने आपल्या हाताने खुर्चीतून सीटवर सरकायचं. ज्याच्या नाही, त्याने कसं धरायचं ते तोंडाने सांगायचं. दर रविवारी पाच-सात जण यायचे. कोणी कुबड्यांवर, कोणी खुर्चीत, एक आंधळे गृहस्थ तर फक्त विमानाची सीट कशी असते ते हाताने पाहायला यायचे. आणि मी, सुट्टीच्या दिवशी घरी झोपायचं सोडून, तिथे 'सीटबेल्ट बांधा' म्हणून ओरडायचो. माझी बायको म्हणायची, इतकं तर तुम्ही ड्युटीवरही ओरडत नाही.

वर्षभराने पाच जणांची मुंबईची वारी ठरली. अरुंद खुर्चीचा पट्टा ताईंनीच शिवून दिला होता. सगळे तालमीत तरबेज. विमानात पहिल्या ताईच शिरल्या, सीटपाशी खुर्ची लागली, त्यांनी सरकायला हात टेकला... आणि अडकल्या. वाटेच्या बाजूला सीटचा दांडा होता, कोपर टेकवायचा. बसच्या सीटांना तो नव्हता आणि माझ्या मापात तो आलाच नव्हता. वर्षानुवर्षं मी माणसं त्या दांड्यावरून उचलून पलीकडे टाकत आलो, त्यामुळे तो दांडा मला कधी दिसलाच नाही. मागे रांग थांबलेली, लोक घड्याळं बघायला लागलेले. शेवटी पाचही जणांना उचलूनच बसवावं लागलं. पट्ट्यांच्या मुठी धरून, विचारून, पण उचलूनच. सोबतच्या एका पोराने आदल्या रात्रीपासून पाणी प्यायलं नव्हतं, विमानातल्या संडासापर्यंत कोण उचलून नेणार म्हणून. मुंबईला उतरेपर्यंत त्याचे ओठ सुकले होते. मला वाटलं, संपलं सगळं. मनातून थोडं सुटल्यासारखंही वाटलं, ते लपवत नाही.

पुढच्या रविवारी त्या सगळ्यांच्या आधी गोदामात हजर. मला बघताच विचारलं, "तो दांडा वर नाही होत काय?" मी म्हटलं, नाही होत, वाटेकडचा दांडा पक्का असतो. "पाहिलं कोणी?" माझा एक जुना दोस्त विमानाच्या दुरुस्ती खात्यात होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, अरे, बऱ्याच सीटांना असतो ना खटका, दांड्याच्या खाली, मुळाशी. बोटाने दाबला की दांडा सरळ वर. मी जाऊन पाहिलं. होता! माझ्या डोळ्यांसमोर, इतकी वर्षं. ताईंना सांगितलं तेव्हा वाटलं, आता चांगल्याच खडसावणार. त्या म्हणाल्या, "चला, बरं झालं. नवीन काही शिवा नाही लागत." आणि वेल्डरला बोलावून गोदामातल्या सीटांना तसेच दांडे आणि तसेच खटके बसवून घेतले.

खटका सापडणं सोपं होतं. तो विमानात काम करणाऱ्यांना माहीत करून देणं, त्याला तीन वर्षं लागली. साहेब लोक चहा पाजायचे आणि म्हणायचे, ताई, तुमचं कार्य फार मोठं आहे. ताई चहा प्यायच्या आणि विचारायच्या, मग शिकवणी कधी ठेवता? एका साहेबांनी तर त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. त्या गेल्या, शाल घेतली, आणि माईकवर सांगितलं की याच हॉलमध्ये पुढच्या आठवड्यात एक तास मिळाला तर शाल परत देईन. हॉल मिळाला, आणि शाल त्यांनी खरंच परत नेऊन दिली. तेव्हापासून नवीन भरती झालेल्या पोरापोरींना कुसुमताईंचा एक तास असायचा. त्यात त्या स्वतः खुर्चीत बसून त्यांच्याकडून तीन-तीनदा करून घ्यायच्या. चुकलं की म्हणायच्या, उसवा आणि परत शिवा. मी निवृत्त झालो, पण त्या झाल्या नाहीत.

योगिताला एकटीला पाठवायचं, यावर आमचं भांडण झालं होतं. मी म्हणत होतो, सोबत भाऊ जाऊ दे, विमान कंपनीलाही तेच हवं आहे. ताई म्हणायच्या, सोबत कोणी असलं की सगळे त्याच्याशीच बोलतात. हिला तहान लागली तर त्याला विचारतात. पोरगी तिथे एकटी राहणार, एकटी कामाला जाणार, मग तिथे जाणंच तेवढं दुसऱ्याला बांधून का? त्यांनी कंपनीला चार पत्रं लिहिली आणि ती परवानगी मिळवली. नंतर छातीचं दुखणं वाढलं आणि दवाखाना झाला. मी शेवटचा भेटलो तेव्हा नाकात नळी होती. मी तब्येत विचारली, तर त्यांनी बोटाने उशाकडे दाखवलं. तिथे योगितासाठी शिवायला घेतलेला पट्टा होता. हाताने घातलेला कच्चा टाका. "ट्रायल राहिला हिचा..." एवढं बोलून त्या दमल्या.

त्या दिवशी माती चार वाजता झाली. घाटावरून ताईंच्या घरी आल्यावर योगिता मला म्हणाली, काका, मी तिकीट पुढे ढकलते, असं जाणं बरं दिसत नाही. मलाही तेच बरं वाटलं. नियमाचा माणूस ना मी! प्राची बाजूला उभी होती. दिवसभर रडून तिचे डोळे सुजले होते. ती आत गेली आणि तो पट्टा घेऊन आली. योगिताच्या कमरेला लावला, चिमटीत धरून पाहिला, दोन ठिकाणी टाचणी टोचली, आणि आत्याच्या मशीनपुढे जाऊन बसली. शेजारची एक बाई म्हणाली, काहून वं पोरी, माती झाली त्या दिवशी मशीन चालवत नाहीत. प्राचीने मान वर केली नाही. "तिचं विमान उद्याचं आहे मावशी, परवाचं नाही." भरल्या घरात, सगळ्या पाहुण्यांसमोर, त्या मशीनचा आवाज सुरू झाला. मध्ये एकदा पट्टा परत योगिताला लावून पाहिला आणि पुन्हा पक्की शिलाई घातली. तिकिटाचं मग कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं. निवृत्त माणसाला त्याच्या आत जाता येत नाही. काचेतून तिची पाठ दिसली तेवढीच. मग बाहेरच्या बाकावर बसून राहिलो, विमान उडालं तरी उठलो नाही. अडीच तासांनी फोन आला. ती हैदराबादला, खाली उतरलेली. विमानातली मुलगी नवीन होती, तिला खटका माहीत नव्हता, ती उचलायला माणसं बोलवायला निघाली. योगिताने तिला थांबवलं, तिचंच बोट धरून दांड्याखाली नेलं आणि दाबायला लावलं. "काका, दांडा वर झाला अन् मी सरकली. कोणीच हात नाही लावला. पट्टा बिलकुल बरोबर बसला." मी हो-हो म्हणालो आणि फोन ठेवला. त्या बाकावर मी ताईंसाठी पहिल्यांदा रडलो. त्यात दुःखापेक्षा अभिमान जास्त होता.

गोदाम बंद करावं, असं एकदा मनात आलं होतं. पण मागच्या रविवारी कुलूप उघडायला गेलो तर दारात चाकाच्या खुर्चीत एक निवृत्त गुरुजी बसले होते, अर्धांगवायू झालेले. मुलीकडे पुण्याला जायचं होतं. मी नेहमीसारखं तोंडाने सांगायला लागलो, इथे हात टेका, तिथे भार द्या. थोडा वेळ त्यांनी ऐकलं आणि मग म्हणाले, "तुम्ही एकदा करून दाखवता काय?" तेव्हा लक्षात आलं की या सीटवर मी कधी सरकलोच नाही. ताई किती वेळा म्हणाल्या, भाऊ, एकदा बसून पाहा, आणि मी दर वेळी काही ना काही काम काढलं. आता ज्यांच्यापुढे काम काढायचं त्याच उरल्या नव्हत्या. खुर्चीत बसलो, पाय पट्ट्याने बांधून घेतले, खटका दाबला, दांडा वर केला आणि हातावर जोर दिला. तसूभर सरकलो नाही. दुसऱ्यांदा अर्धा गेलो आणि मधेच लटकलो. घाम फुटला.

"थांबा गुरुजी," मी म्हटलं, "मलाच अजून येत नाही."

त्यांनी आपली खुर्ची माझ्या शेजारी घेतली. त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही दोघंही शिकत होतो.