अंश छेदात कसा?

मंडळी, आज दुपारी मुलुंडला बहिणीकडे जेवायला गेलो होतो. तिची नात मीरा अकरावीची गणितं सोडवत बसली होती. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता 'कॅलरी / (ग्रॅम × °C)' मधून 'ज्यूल / (किलोग्रॅम × K)' मध्ये न्यायची होती.

"आजोबा, डिग्री सेल्सिअसचं केल्विन करताना २७३ मिळवू ना?"

मला भांडुपचा माझा मित्र दिन्या आठवला. ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या कॉलेजात आमच्या बॅचला आम्ही दोघंच मराठी शाळेतून आलेलो. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत सरांनी त्याला नेमकं हेच विचारलं होतं.

"नाही सर," दिन्या म्हणाला, "इथे अंश छेदात आहे."

सर हसले. "अंश वर असतो रे, छेद खाली!"

"तो अपूर्णांकाचा, सर. हा तापमानाचा. एक अंश चढायला किती उष्णता लागते, एवढंच विचारलंय. पायरी दोन्हीकडे तेवढीच. शिडी कुठून सुरू होते त्याच्याशी काय करायचंय?"

"बरोबर. आता हेच इंग्लिशमध्ये सांग."

दिन्या "सर, द लॅडर..." म्हणून तिथेच अडला. पुढच्या वर्षी त्याने सायन्स सोडलं.

आज मी मीराला दिन्याचंच उत्तर ऐकवलं, एक शब्द न बदलता. शिडी तिला लगेच कळली. तिने २७३ खोडले. मग म्हणाली, "पण आजोबा, अंश म्हणजे काय?"

"डिग्री," मी म्हटलं.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? पोरांना अंश कळतो का अजून?