हिरड्या बघून बोलणारे अण्णा

माणसाच्या डोळ्यांकडे न बघता हिरड्यांकडे बघून बोलणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे बेंगळूरचे घरमालक, अण्णा. नव्वदच्या दशकात नोकरीसाठी पुण्याहून आलो आणि के. आर. पुरमला त्यांच्या माडीवरची जागा बघायला गेलो, तेव्हा त्यांनी पगार विचारलाच नाही. "ब्रश करताना रक्त येतं का?" एवढंच विचारलं. कधीकधी येतं म्हटल्यावर भाडं सांगायच्या आधी मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा सांगितल्या.

त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, त्यामुळे मराठीत कानडी सहज मिसळलेली. पोस्टमन, दूधवाला, मीटर बघायला आलेला माणूस, सगळ्यांना ते फाटकातच थांबवून "स्वल्प आ करा" म्हणत. हिरडी सुजली की आठवण जाते, हे त्यांचं ठाम मत. एकदा मला पुण्याच्या घराचा पिनकोड आठवेना, तर म्हणाले, "वरची डावी बाजू दुखते का?" पंचाईत अशी, की दुखत होती.

हे खूळ आलं कुठून, ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे अक्का म्हणत, माणसं विसरू लागल्या होत्या. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई आणि अण्णा "होईल बरं" म्हणून सोडून देत. मेंदूच्या डॉक्टरांपुढे अण्णांनी हे सगळं मांडलं. डॉक्टर समजुतीनं म्हणाले, "एकामुळे दुसरं झालं, असं आज कोणी सांगू शकणार नाही."

"झालं नाही, असं तरी सांगाल?"

डॉक्टरांनी तेही सांगितलं नाही.

मग अण्णा अक्कांना रिक्षात घालून दातांच्या दवाखान्यात नेऊ लागले. रोज सकाळी बोटाला मऊ कापड गुंडाळून स्वतः त्यांच्या हिरड्या पुसत. अक्का बोट चावत. "चावू दे, जोर आहे अजून," असं म्हणून अण्णा दुसरं बोट पुढे करत. काही महिन्यांत हिरड्या सुधारल्या. आठवण मात्र उतरणीलाच लागलेली होती.

एका दुपारी मी भीत भीत विचारलं, "अण्णा, काही फरक?"

 ते म्हणाले, "काल तिनं कडबोळं चावून खाल्लं. दोन वर्षांनी. अर्धं मोडून मला दिलं आणि विचारलं, आपण कोण?"

"मग?"

"शेजारचा, म्हटलं. शेजारीच तर बसलो होतो."